चार भोकांचा वायसर

"बंद पडत्या, पण कशानं पडत्या ते घावत न्हाई," गाडी स्टँडवर लावता लावता मिस्त्रीमामा म्हणाले.

मी एका गाडीचा क्लच खोलून बसले होते, ती काळ्या हातांनी तशीच उठले. एप्रिलची दुपार होती आणि जतचं ऊन. मामांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांचे हातही माझ्याइतकेच काळे होते, म्हणजे वाटेत कुठंतरी थांबून त्यांनी प्लग काढून बघितला होता.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"महिना झाला आसंल. आठवड्यातनं चार-पाच बारी. चांगली चाललेली आसत्या, एकदम गळाटत्या आन् मरत्या. जरा थांबून किक मारली की चालू."

"तापल्यावर?"

"तापल्यावर बी, थंड आसताना बी."

"हँडल वळवल्यावर?"

"न्हाई. सरळ रस्त्याला."

"खड्ड्यात आपटल्यावर?"

"मालन, तू मला जे इचारतीस ते सगळं मी गाडीला इचारून झालंय," ते म्हणाले. "प्लग, प्लगची टोपी, कॉइल, कार्बोरेटर, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. सगळं बघितलं. आता तू बघ."

एवढं बोलून ते बाकड्यावर बसले आणि डोळे मिटून घेतले.

हे मला साधं वाटलं नाही. ग्यानबा लोहार म्हणजे ग्यानबा मिस्त्री. त्या काळात जतपासून पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत गाडीचा रोग ओळखावा तर त्यांनीच. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाच्या आतलं ऐकायचे. स्वतःच्या गाडीला त्यांनी चाळीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. ती गाडी आज त्यांनी माझ्यापुढं आणून उभी केली होती. मला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली.

मी त्यांच्याच हाताखाली शिकले. माझा नवरा, तानाजी, काविळीनं गेला तेव्हा पोर दोन वर्षांची होती. मागं राहिलं ते पत्र्याचं गॅरेज आणि हत्यारांच्या दोन पेट्या. दीर म्हणाला, हत्यारं विकून टाक आणि माहेरी जा. मिस्त्रीमामांचं गॅरेज रस्त्याच्या पलीकडं होतं. ते आले, पेटी उघडली, एकेक पाना हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "इकत घेत न्हाई मी हे. उद्या सकाळी ये, तुला एकेकाचं नाव सांगतो." लोक हसले. बाई माणूस, त्यातून विधवा, आणि रस्त्यावर बसून गाड्या खोलणार. मामांनी कुणाचं काही ऐकलं नाही. सहा वर्षांनी त्यांनी स्वतःचं गॅरेज बंद केलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला रस्त्याच्या या बाजूला बोट दाखवलं.

त्याला आता पाच वर्षं होऊन गेली होती.

मी गाडी ठेवून घेतली. हातातली कामं बाजूला सारली आणि तीन दिवस तिच्यापुढं बसले. वायरिंगची इंच न् इंच तपासली, तुटून आतल्या आत लोंबकळणारी तार कुठं आहे का म्हणून. चावीचं कुलूप बदललं. कार्बोरेटर पुन्हा खोलला, धुतला, फुंकला. मग दुपारच्या उन्हात सांगलीच्या रस्त्याला वीस किलोमीटर गेले आणि वीस किलोमीटर परत आले. गाडी एकदाही ठसकली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गारव्यात काढली, तरी नाही. दोन पोती सिमेंट मागं बांधून चढावर घातली, तरी नाही.

"बघ, लाजत्या तुला," मामा म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

चौथ्या दिवशी परत आले. या वेळी गाडी ढकलत आले होते. बाकड्यावर बसायच्या आधी त्यांनी भिंतीला हात टेकला.

"कुठं पडली?"

"आपलं ते... त्या तिथं." हात हलवून त्यांनी रस्ता दाखवला. "काय म्हणत्यात त्याला. चिंच हाय बघ."

"चिंचेच्या मळ्यापाशी?"

"तेच."

मी पाणी दिलं. ते पिताना त्यांनी दोनदा विचारलं की प्लगची टोपी बघितलीस का. मी दोन्ही वेळा होय म्हटलं. थकल्यामुळं असेल, असं मला वाटलं. मीही थकले होते. तोवर गॅरेजबाहेर सात गाड्या उभ्या राहिल्या होत्या आणि गिऱ्हाइकं टोमणे मारायला लागली होती. मी कॉइल नवी टाकली. इंजिनाच्या आतली पिकअप कॉइलही बदलली, कारण ती तापल्यावर दगा देते आणि गार झाली की गुमान चालते. पुन्हा चाळीस किलोमीटर. पुन्हा काही नाही.

मामा घेऊन गेले आणि दोन दिवसांनी पुन्हा दारात.

"मालन, तुझ्याकडनं न्हाई व्हायचं आसंल तर तसं सांग," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. "मी सांगलीला दुसऱ्या कुणाला दाखवतो."

"मामा, एक करूया. उद्या मी तुमच्या मागं बसते. तुम्ही रोजच्यासारखं फिरा. जिथं थांबता तिथं थांबा. मी काही बोलणार नाही, काही करणार नाही. गाडी तुमच्या हाताखाली पडते, माझ्या हाताखाली नाही. तर तुमच्याच हाताखाली बघू."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "चप्पल घालून येऊ नको. सायलेन्सरला पाय भाजंल. बूट घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालो. आधी पेठेतून, मग ओढा ओलांडून सावंतांच्या मळ्यावर. तिथलं विहिरीवरचं इंजिन मामांनीच बसवलेलं होतं आणि गॅरेज बंद केल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी ते त्याला बघायला जायचे. पोचल्यावर त्यांनी चावी फिरवली, आणि त्याच वेळी त्यांचा डावा हात टाकीच्या खाली गेला. पेट्रोलचा कॉक बंद झाला.

मला त्यात काही नवल नव्हतं. गाडी उभी केली की कॉक बंद, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना मारून मुटकून शिकवलं होतं. निघताना त्यांचा हात पुन्हा खाली गेला, कॉक उघडला, किक मारली. मी मागं बसले.

तिथून फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. गाडी थांबली, चावी, कॉक बंद. मामा हॉटेलवाल्याशी त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलले. चहा झाला. उठले, धोतराचा सोगा सावरला, गाडीवर बसले, किक मारली. गाडी सुरू झाली.

हात खाली गेला नाही.

मी बघत होते. चूक नव्हती, मी नीट बघत होते. मागं बसताना मी वाकून पुन्हा बघितलं. दांडी आडवी होती. कॉक बंद होता.

बोलणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून मी बोलले नाही. कॉक बंद असला तरी कार्बोरेटरच्या भांड्यात घोटभर पेट्रोल असतं. त्यावर गाडी किलोमीटर-सव्वा किलोमीटर जाते, मग गळाटते आणि मरते. हा रोग गॅरेजात आठ दिवस झाडू मारलेल्यालाही ओळखता येतो. गाडी दुसऱ्या कुणाची असती तर मी पहिल्या मिनिटाला विचारलं असतं. मिस्त्रीमामांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाभळीची रांग लागली. रस्ता सरळ. गाडी खोकली, गचका दिला आणि थांबली.

"बघितलंस?" मामा जवळजवळ आनंदानं ओरडले. "ही बघ! हीच ती!"

ते उतरले. गाडी स्टँडवर लावली. आणि टाकीशी वाकता वाकता त्यांचा डावा हात खाली गेला आणि कॉक उघडला. डोळे भलतीकडंच होते. कपाळावरची माशी हाकलावी तसा तो हात आपलाआपण गेला आणि काम करून परत आला. मग त्यांनी गाडीच्या पिशवीतनं पाना काढला, प्लग खोलला, पुसला, इंजिनाला टेकवून ठिणगी बघितली, परत बसवला. तेवढ्यात कार्बोरेटर भरला. किक मारली.

"चालू!" ते म्हणाले. "आता सांग. काय केलं मी? काय बी न्हाई केलं. प्लग तर साफच हाय."

"मामा," मी म्हटलं, "कॉक उघडा होता का?"

त्यांनी गाडी बंद केली. माझ्याकडं बघितलं. "काय म्हणालीस?"

"काही नाही, आपलं विचारलं."

"मला कॉक इचारतीस?" मान ताठ झाली, नाकपुड्या फुलल्या. "ज्यानं तुला कॉक कशाला म्हणत्यात ते दाखवलं, त्याला? चाळीस वर्षांत माझा कॉक कवा बंद ऱ्हायला न्हाई आन् कवा उघडा ऱ्हायला न्हाई. जा, त्या हॉटेलवाल्याला इचार, गावात कुणाला बी इचार."

"चुकलं मामा."

ते पाठमोरे होऊन बाभळीच्या सावलीत उभे राहिले. थोड्या वेळानं ते वळले, तेव्हा राग कुठल्या कुठं गेला होता. चेहरा अगदी निवांत होता.

"तानाजी कुठं दिसत न्हाई गं गॅरेजात?" त्यांनी विचारलं.

तानाजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या तिरडीला पुढून खांदा मामांनी दिला होता.

मी बाभळीच्या खोडाला हात लावला. काटा घुसला ते नंतर कळलं. "सांगलीला गेलेत," मी म्हटलं. "सामान आणायला."

"मग यायला उशीर हुईल त्याला," ते म्हणाले आणि गाडीवर बसले.

परत येताना गाडी बंद पडली नाही.

गाडी मी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं आणि कॉक खोलला. कॉकच्या आत चार भोकांचा एक रबरी वायसर असतो. दांडी फिरवली की कधी हे भोक झाकतं, कधी ते; चालू, बंद आणि तळाच्या शेवटच्या लिटरभरासाठी रिझर्व्ह. मी ब्लेड घेतलं आणि भोकांच्या मधलं रबर कापून काढलं. कॉक परत बसवला. आता दांडी फिरत होती, टकटक आवाजही येत होता, पण ती कुठंही असली तरी पेट्रोल वाहत राहणार होतं. आडवी, उभी, कशीही. मामांच्या हातानं काहीही केलं किंवा केलं नाही तरी गाडी बंद पडणार नव्हती.

दुसरं काही करता आलं असतं. मिरजेला डॉक्टर होते. अंजिरामामी होत्या, मामांची बायको, चार घरं पलीकडं. पण त्या वेळी माझ्यापुढं एवढंच होतं की या माणसानं सांगलीच्या कुठल्या पोरसवदा मेकॅनिकपुढं गाडी नेऊन उभी करू नये, आणि त्यानं हसत हसत यांना सांगू नये की आजोबा, कॉक बंद आहे.

मामा आले तेव्हा मी सांगितलं, "सापडलं. पिकअप कॉइलची तार आतून पिचली होती. नवीन टाकलेलीही तशीच निघाली. आता दुसरी टाकली."

"नवी सुदीक खराब?" ते म्हणाले. "आसतंय. मला वाटलंच होतं, करंटमधलाच घोळ आसणार." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पेठेत ज्याला त्याला सांगत सुटले, "माझ्या हातनं सुटलेला फॉल्ट पोरीनं काढला."

आठवड्यानं अंजिरामामी गॅरेजात आल्या. डब्यात धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. मामी कमी बोलणाऱ्या. डबा ठेवला तरी त्या गेल्या नाहीत. चाकाच्या रिंगा टांगलेल्या होत्या त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"आता बंद पडत न्हाई म्हणं गाडी," त्या म्हणाल्या.

"नाही पडत."

"पडायची तवा लांब जायाचे न्हाईत. जवळच कुठंतरी आडकायचे आन् गुमान घरला यायचे." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "मालन, गाडीतच होतं न्हवं ते? जे काय होतं ते?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यांनाही दिसलं असावं. घरात काय काय घडत असेल, मीठ दोनदा पडत असेल, नाव चुकत असेल, ते सगळं त्या एकट्याच बघत होत्या. कुणीतरी दुसऱ्यानं म्हणावं म्हणून त्या आल्या होत्या.

"गाडीतच होतं, मामी," मी म्हटलं.

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. रिकामा डबा घ्यायला संध्याकाळी आल्या नाहीत, मीच नेऊन दिला.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी मामा सकाळी सातला गाडी घेऊन गेले ते दुपारच्या जेवणाला आले नाहीत. चार वाजता मामी गॅरेजात आल्या. मी सावंतांच्या मळ्यावर जाऊन आले, फाट्यावर जाऊन आले, चिंचेच्या मळ्यापर्यंत गेले. फाट्यावरचा हॉटेलवाला म्हणाला, गेले की इथनं सकाळीच, थांबले नाहीत, हात केला तर बघितलंही नाही. पोलिसांत सांगितलं. ती रात्र मी आणि मामींनी त्यांच्या ओट्यावर बसून काढली. मामींनी एकदाच विचारलं, "पेट्रोल किती बसतंय गं टाकीत?" मी सांगितलं. आदल्याच दिवशी तीन लिटर मीच भरून दिलं होतं. मामी मनात काहीतरी मोजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझा फोन वाजला. गाडीच्या मागच्या मडगार्डवर माझ्या गॅरेजचं नाव आणि नंबर रंगवलेला होता. बोलणाऱ्याचं मराठी मोडकंतोडकं, कानडी हेलाचं. विजापूरच्याही पुढं, हायवे सोडून आत, एका धाब्याचा मालक होता. "मुदुक हाय इथं," तो म्हणाला. "म्हातारा. काल दुपारपासनं गाडी खोलून बसलंय. खात नाही, उठत नाही."

जीप केली. मी, मामी आणि ड्रायव्हर. अडीच-तीन तासांच्या वाटेत मामी खिडकीशी बसून होत्या.

धाब्यापासून थोडं अलीकडं, रस्त्याच्या कडेला मामा बसलेले दिसले. सावली त्यांच्यावरून केव्हाच सरकून गेली होती आणि ते उन्हातच होते. टाकी काढून बाजूला ठेवलेली. पंचा जमिनीवर पसरून त्यावर एकेक भाग मांडलेला, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीत. बोल्टांच्या शेजारी त्यांचे नट, नटांच्या शेजारी वायसर. उजव्या पोटरीवर भाजल्याचा मोठा फोड होता, फुटलेला, त्यावर माती बसलेली. तो त्यांच्या गावीही नव्हता. डोळे लाल झाले होते. जीभ कोरडी पडून ओठांना चिकटत होती.

मामी धावल्या. पाण्याची बाटली तोंडाला लावली. ते प्याले, निम्मं पाणी छातीवर सांडलं. त्यांनी मामींकडं बघून मान हलवली, अनोळखी बाईनं पाणी दिल्यावर हलवावी तशी. मग त्यांची नजर माझ्या काळ्या नखांवर गेली.

"मिस्त्रीन हायसा का तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. मला त्यांनी उभ्या जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"होय."

"बरं झालं आलासा. हे बघा." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर कापलेला वायसर होता. घामानं चिकटलेला. किती तास धरला होता कोण जाणे. "गाडी चालत चालत गळाटली. म्हटलं पेट्रोल संपलं, रिझर्व्हला लावू. तर रिझर्व्ह लागंना. लागंल कसं? वायसरची भोकं कापून एक केल्यात. झिजल्यात म्हणाल, तर न्हाई. ही बघा कड, सरळ हाय. ब्लेडनं कापलंय. मुद्दाम."

त्यांचा आवाज पूर्वीचा होता. दहा वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडच्या गॅरेजात बसून मला समजावून सांगायचा तो.

"कुणीतरी मिस्त्रीनं केलंय हे," ते म्हणाले. "आसलं काम करू न्हाई बाई. माणसाला वाटतं रिझर्व्ह हाय, त्याच्या जिवावर तो लांब जातो. माळावर मरंल की माणूस."

मामी त्यांच्या पोटरीवर पाणी ओतत होत्या. हात थांबला. त्यांनी वायसर बघितला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"कुणी कापलं, मालन?"

धाब्याचा मालक, जीपचा ड्रायव्हर, दोघं जवळच उभे होते.

"मी," मी म्हटलं.

आणि मग तिथंच, उन्हात, सगळं सांगितलं. कॉक, बाभळीची रांग, तानाजीची विचारपूस, ब्लेड. मामा मन लावून ऐकत होते, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं समजून. माझं संपल्यावर मामींनी फक्त विचारलं, "मी डबा घिऊन आले तवा तुला म्हाईत होतं?"

"होतं."

त्यांनी पदर ओला करून मामांची पोटरी पुसायला घेतली. "उठा," त्या त्यांना म्हणाल्या. "घरला जायाचंय."

रिझर्व्ह असतं तर मामा आणखी पन्नास किलोमीटर पुढं गेले असते आणि कदाचित सापडलेच नसते, असं जीपचा ड्रायव्हर परतताना म्हणाला. मला धीर द्यायला म्हणाला असेल. तो हिशेब मी पुढंही कधी मनात घेतला नाही.

मिरजेच्या दवाखान्यात मामा अकरा दिवस होते. पोटरी बरी झाली. डोक्याचं डॉक्टरांनी सांगितलं, हे आता असंच उतरत जाणार, वर्षभर आधी आणलं असतं तरी थांबलं नसतं, जरा हळू झालं असतं एवढंच. मामी ऐकत होत्या, मीही ऐकत होते. आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो, मध्ये पिशवी ठेवून.

नंतर महिनाभर मामींनी माझ्याकडं बघितलं नाही. पाण्याच्या नळावर मी आले की हंडा अर्धा सोडून जायच्या. मी त्यांच्या दारात तीनदा गेले आणि तीनदा दार उघडलं नाही. मग एका सोमवारी सकाळी दहाला त्या मामांचा हात धरून गॅरेजात आल्या. मूलबाळ नव्हतं, भावकीतलं कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्यांनी मामांना बाकड्यावर बसवलं.

"मला एकटीला दिवसभर झेपत न्हाई," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. "स्वयपाक, धुणं, ह्यांच्यामागं पळणं. दहा ते पाच हितं ऱ्हातील. भाकरी बांधून दिल्या."

तेव्हापासून मामा रोज गॅरेजात. मी त्यांना सुट्टे नट-बोल्ट वेगळे करायला द्यायची. दिवसभर करायचे, संध्याकाळी मी ते परत एकत्र करून ठेवायची. चारदा रस्त्यावर गेले, चारदा आणले. पुढं पुढं लघवीलाही न्यावं लागायचं. कामं मागं पडली, गिऱ्हाइकं कमी झाली. मी संध्याकाळी घरी गेले की चूल पेटवायच्या आधी नुसती भिंतीला टेकून बसायची. पोर विचारायची, काय होतंय आई. काही होत नव्हतं, अंगात काही उरलेलं नसायचं.

मामी सकाळी दहाला आणायच्या, पाचला न्यायला यायच्या. 'खाल्लं का' आणि 'शी झाली का' यापलीकडं शब्द नाही. मामा रोज त्यांना विचारायचे, "या बाई, गाडी कुठली तुमची?" आणि मामी रोज म्हणायच्या, "गाडी न्हाई, चालत आले. चला."

असं दीड वर्ष झालं असेल. दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी पाच वाजले तरी मामी आल्या नाहीत. साडेपाचला आल्या त्या एका हातानं भिंत धरत. पाय सुजले होते, चपलेचा अंगठा सुटून लोंबत होता. मामांनी विचारलं, "या बाई, गाडी कुठली तुमची?"

मामींनी उत्तर दिलं नाही. त्या बाकड्यावर मामांच्या शेजारी बसल्या. त्या गॅरेजात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मामांनी जरा सरकून जागा करून दिली.

"मालन," त्या म्हणाल्या, "बसू दे गं जरा. घरला जायाचं जिवावर आलंय."

मामींनी डोळे मिटले होते. उतरतं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं. मी उठून शटर अर्ध्यावर ओढलं, त्यांच्या पायातली चप्पल काढून घेतली आणि तिथंच खाली बसून तिचा अंगठा शिवायला घेतला.